फरशी चकचकीत, तरी इन्फेक्शन का?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. सासूबाई ८२ वर्षांच्या. खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झाल्यावर त्यांना म्हापशाजवळच्या एका वृद्धाश्रमात ठेवलंय, तुम्ही स्वतः फोंड्याला. चार महिन्यांत दोनदा युरिन इन्फेक्शन झालं, त्यातल्या एका वेळी दाखल करावं लागलं. आता पंधरा दिवस अंगाला खाज सुटली आहे. आश्रम स्वच्छ आहे, फरशी दिवसातून तीनदा पुसतात, आत पाऊल टाकताच फिनाईलचा वास येतो, मावश्या सतत ग्लोव्हज घालून असतात. मग चुकतंय कुठे, आंघोळीच्या पाण्यात अँटिसेप्टिक घालायला सांगू का, आणि त्यांना सरळ घरी आणू का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मी नर्स आहे. बरीच वर्षं इस्पितळाच्या वॉर्डात काढली, आता वृद्धांच्या निवासी केंद्रांत देखभालीवर लक्ष ठेवायचं आणि मावश्यांना शिकवायचं काम करते. तुमच्या वर्णनात मला खटकलं ते एकच वाक्य, आणि तेही तुम्ही कौतुकानं लिहिलंय: "सतत ग्लोव्हज घालून असतात."

फरशीवरचे जंतू उडी मारून कोणाच्या मूत्रमार्गात जात नाहीत. अशा ठिकाणी इन्फेक्शन फिरतं ते हातांवरून, आणि मुख्यतः सकाळच्या दोन-अडीच तासांत. तेव्हा दोन मावश्यांना दहा-बारा जणांचे डायपर बदलायचे असतात, तोंड धुवायचं असतं, स्पंजिंग करायचं असतं, चहा-नाश्ता द्यायचा असतो. वेळ कमी आणि माणसं थोडी. मग एकदा चढवलेले ग्लोव्हज निघतच नाहीत. त्याच हातानं डायपर काढला, तोच हात पलंगाच्या कठड्याला लागला, त्यानंच क्रीमची ट्यूब उघडली, चादर नीट केली, आणि त्याच हातानं शेजारच्या खाटेवरच्या आजींची कवळी काढली. मावशीचे स्वतःचे हात मात्र कोरडे आणि स्वच्छ राहिले, म्हणून तिला वाटतं आपण काळजी घेतली. मासळी साफ केलेल्या हातांनी आपल्यातलं कोणी देवाची फुलं काढत नाही. ग्लोव्हज असले की हेच भान सुटतं.

म्हणून तुम्ही बघायचं ते असं. शौच, लघवी, रक्त, जखम किंवा तोंडाच्या आतलं काम असेल तर ग्लोव्हज हवेतच. पण ते काम संपलं की तिथेच, त्याच खाटेजवळ ते उतरवून टाकायचे आणि हात साफ करायचे, कारण ग्लोव्हजना बारीक भोकं असू शकतात आणि काढतानाही हात बरबटतात. केस विंचरायला, पेज भरवायला, हात धरून चालवायला ग्लोव्हज लागत नाहीत. एकाच माणसाचं खालचं अंग धुऊन झाल्यावर त्याच्याच तोंडाची स्वच्छता करायची असेल, तरी ग्लोव्हज बदलावेच लागतात. माणूस एकच असला तरी हा नियम आहे, आणि नेमका तोच सगळ्यात जास्त मोडला जातो.

हात साफ करण्याचंही थोडं सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये हातांच्या स्वच्छतेचे जे पाच क्षण ठरवून दिले, ते असे: रुग्णाला हात लावण्याआधी, कुठलंही निर्जंतुक काम (म्हणजे जंतू आत जाऊ नयेत असं, जसं जखमेची पट्टी बदलणं) करण्याआधी, शरीरातल्या द्रवाशी संपर्क आल्यानंतर, रुग्णाला हात लावून झाल्यावर, आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लागल्यावर. सॅनिटायझर असेल तर २० ते ३० सेकंद, साबण-पाण्यानं ४० ते ६० सेकंद. हात दिसायला मळलेले असतील किंवा कोणाला जुलाब-उलट्या चालू असतील तर साबण-पाणीच. जुलाबाचे काही जंतू सॅनिटायझरला दाद देत नाहीत.

भिंतीवर हे पाच क्षण सगळेच चिकटवतात. मी तक्त्याकडे बघत नाही, बाटली कुठे ठेवली आहे ते बघते. सॅनिटायझर दाराशी, ऑफिसच्या टेबलावर, पाहुण्यांसाठी ठेवलेलं असेल तर त्याचा उपयोग पाहुण्यांना. प्रत्येक खाटेशी नाहीतर मावशीच्या एप्रनच्या खिशात असेल तरच ती वापरते. साबणाचंही तेच. पाण्यात भिजत पडलेली वडी आणि शेजारी टांगलेला एकच टॉवेल, ज्याला दिवसभर सगळे हात पुसतात, हे दिसलं तर समजा की बेसिन नुसतं शोभेला आहे. लिक्विड सोपची बाटली अर्धी झाली की वरून भरत राहणंही चुकीचं. बाटली रिकामी करून, धुऊन, वाळवून मग भरायची.

बांगड्यांचा विषय नाजूक आहे, पण सांगते. कोपरापासून खाली हात मोकळे असले तरच ते नीट धुता येतात. काचेच्या बांगड्या पूर्ण काढा म्हटलं की काही बायकांना ते अशुभ वाटतं, आणि मला त्यांच्याशी भांडायचं नसतं. मी म्हणते, ड्यूटीपुरत्या कोपराकडे जितक्या वर जातील तितक्या सरकवा आणि रुमालानं बांधून ठेवा. अंगठ्या आणि वाढलेली नखं मात्र नकोत, त्यात तडजोड नाही.

आता युरिन इन्फेक्शन. इथे मी त्यांना तपासलेलं नाही, म्हणून दोन-तीन गोष्टी परिस्थितीवर सोडाव्या लागतात. मधुमेह आहे का, लघवी पूर्ण होते का की थोडी आत राहते, बद्धकोष्ठता आहे का, ऑपरेशनच्या वेळी घातलेला कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, अजून आहे का, यावर बरंच ठरतं. या वयात, हालचाल कमी झालेली असताना, उत्तम काळजी घेऊनही काहींना इन्फेक्शन होतं. तेव्हा झालं म्हणजे आश्रमाचाच दोष असं लगेच धरू नका.

त्याआधी अजून एक शंका घ्या: ती दोन्ही खरंच इन्फेक्शन होती का? दीर्घकाळ निवासी केंद्रात राहणाऱ्या वृद्ध बायकांपैकी साधारण २५ ते ५० टक्के जणींच्या लघवीत कसलाही त्रास नसताना जंतू सापडतात. कायमचा कॅथेटर असेल तर जवळजवळ सगळ्यांच्याच. लघवीला वास येतोय, गढूळ दिसतेय म्हणून तपासली, रिपोर्टमध्ये जंतू आले, की अँटिबायोटिक सुरू, हे फार होतं. ताप, लघवी करताना जळजळ, ओटीपोटात दुखणं, अचानक वाढलेली घाई, यांपैकी काही होतं का ते फाईल काढून बघा. दाखल केलं तेव्हा थंडी वाजून ताप असेल तर ते खरं असण्याची शक्यता मोठी. नुसत्या "आज जरा गोंधळल्यासारख्या वाटल्या" यावर औषध दिलं गेलं असेल तर डॉक्टरांना नम्रपणे विचारा. असा गोंधळ पाणी कमी पडल्यानं, शौचाला न झाल्यानं किंवा नव्या गोळीनंही होतो. विनाकारण घेतलेलं अँटिबायोटिक पुढच्या खऱ्या इन्फेक्शनला निकामी ठरतं आणि त्यातून जुलाबही जडतात.

कॅथेटर असेल तर पहिला प्रश्न एकच: अजून का ठेवलाय? मावश्यांना सोपं पडतं, हे कारण चालणार नाही. ठेवावाच लागला तर लघवीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता. व्हीलचेअरवर बसवताना ती मांडीवर ठेवलेली दिसते, तेव्हा पिशवीतली लघवी उलटी आत जाऊ शकते. पिशवी दोन-तृतीयांश भरण्याच्या आत रिकामी करायची, प्रत्येकाचं भांडं वेगळं, आणि नळीचं तोंड भांड्याला लागू द्यायचं नाही. एकच बादली घेऊन सगळ्यांच्या पिशव्या रिकाम्या करत गेलेली मावशी मी पाहिलेली आहे. वेळ वाचतो, यात शंका नाही.

कॅथेटर नसेल तर खालच्या स्वच्छतेचा क्रम सगळ्यात महत्त्वाचा. पुसायचं पुढून मागे, आणि एकदा मागे गेलेलं कापड परत पुढे आणायचं नाही. स्पंजिंगमध्ये आधी चेहरा, मग हात, छाती, पाय, पाठ आणि शेवटी खालचं अंग, त्यासाठी पाणी आणि कापड दोन्ही बदलून. टब प्रत्येकाचा वेगळा असावा. ते शक्य नसेल तर एका माणसानंतर साबणानं घासून कोरडा पुसलेला. ओला टब दुसऱ्या टबात रचून ठेवला की मधल्या पाण्यात जंतू मजेत वाढतात.

डायपर किती तास पुरतो हे पाकिटावर छापलेलं असतं, ते त्वचेला माहीत नसतं. दर दोन-तीन तासांनी हात लावून बघायला हवं, आणि शौच झालं असेल तर तत्काळ बदलायला हवा. त्याहून चांगलं म्हणजे दिवसा ठरावीक वेळी कमोडच्या खुर्चीवर बसवणं. तुमच्या सासूबाई आधार धरून उभ्या राहू शकत असतील तर हे मागाच. दोन माणसं लागतात, म्हणून टाळलं जातं. पाण्याचंही असंच. "सारखं उठवावं लागेल" या संकोचानं आजी पाणीच कमी पितात आणि कोणी आग्रह करत नाही. हृदयाचं किंवा किडनीचं कारण देऊन डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितलं नसेल तर हाताला येईल असा पेला सतत भरलेला ठेवा. आणखी एक गोष्ट डॉक्टरांना विचारा: पाळी गेल्यानंतर वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या बायकांना योनिमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमचा उपयोग होतो. सगळ्यांना चालत नाही, पण हा विषय संकोचापोटी निघतच नाही.

अँटिसेप्टिकबद्दल माझं उत्तर स्पष्ट "नको" आहे. त्यानं युरिन इन्फेक्शन टळत नाही. वृद्धांची त्वचा कागदासारखी पातळ होते, तिच्यावर रोज असं पाणी ओतलं की ती कोरडी पडते, भेगाळते, आणि भेगांतून जंतू आत जातात. साधा सौम्य साबण, कोमट पाणी, आणि नंतर टिपून कोरडं करणं. कोरडं करण्यावर माझा धुण्याइतकाच जोर असतो. आपल्या दमट हवेत स्तनांखाली, जांघेत, पोटाच्या घडीत, पायाच्या बोटांमध्ये ओल राहिली की बुरशी ठरलेली. तिथे पावडर थापू नका, ती घामात भिजून गोळे होतात. हातापायांना मात्र मॉइश्चरायझर लावत जा.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी तोंडाबद्दल लिहिते, कारण सकाळच्या घाईत पहिलं गळतं ते हेच. दात राहिले नाहीत म्हणून तोंड स्वच्छ करायचं नाही, असा समज सगळीकडे आहे. तोंडात साचलेले जंतू झोपेत लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरतात आणि न्यूमोनिया होतो. जपानमधल्या ११ वृद्ध-केंद्रांत दोन वर्षं पाहणी झाली. रोज जेवणानंतर तोंड नीट साफ केलेल्या गटात न्यूमोनिया ११ टक्के जणांना झाला, नेहमीच्या पद्धतीनं ठेवलेल्या गटात १९ टक्के. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. एका ब्रशच्या खर्चात एवढा फरक पडतो. सासूबाईंची कवळी असेल तर रात्री काढून, घासून, नाव लिहिलेल्या त्यांच्याच डबीत पाण्यात ठेवायची. हिरड्या आणि जीभ मऊ ब्रशनं किंवा ओल्या गॉजनं पुसायची. भरवताना ताठ बसवायचं आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही.

खाजेबद्दल मला काळजी वाटते. नुसता कोरडेपणा असू शकतो, अँटिबायोटिकची ॲलर्जी असू शकते, पण निवासी केंद्रातली पंधरा दिवसांची खाज म्हटलं की माझ्या मनात पहिली येते ती खरूज. रात्री वाढते का? बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला, स्तनांखाली बारीक पुरळ आहे का? म्हाताऱ्या माणसांत ती नेहमीच्या जागी दिसेलच असं नाही, डोक्यातही असते. लवकरात लवकर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.

खरुजेत गोची अशी की पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुटायला दोन ते सहा आठवडे लागतात. तोवर तो माणूस बरा दिसतो आणि दुसऱ्यांना देत असतो. म्हणून खाजणाऱ्या एकट्याला औषध लावून काहीच होत नाही. निदान पक्कं झालं तर त्या खोलीतले सगळे, त्यांची सेवा करणाऱ्या सगळ्या मावश्या, आणि त्यांना मिठी मारणारे, हात धरून बसणारे नातेवाईक, सगळ्यांनी एकाच दिवशी औषध घ्यायचं. साधारणपणे ५ टक्के परमेथ्रिनचं क्रीम मानेपासून तळव्यांपर्यंत, नखांखालीसुद्धा, ८ ते १४ तास ठेवून धुतात आणि आठवड्यानं परत लावतात. वृद्धांना डोकं आणि चेहऱ्यालाही लावायला सांगतात, ते डॉक्टर ठरवतील. मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचं, हे हमखास विसरतात. औषधानंतरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते, म्हणून घाबरून स्वतःच्या मनानं परत परत चोपडू नका.

कपडे-चादरी गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवायच्या, हे सांगायला ठीक. जुलैत गोव्यात ऊन आणायचं कुठून? त्यावर उपाय आहे. खरुजेचा किडा माणसाच्या अंगापासून दूर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही. धुता न येणारी पांघरुणं, शाल, उशी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवली तरी काम होतं. बाकीच्या कपड्यांना कडक इस्त्री. एरवीही पावसाळ्यात अर्धवट ओले कपडे अंगावर चढवले जातात, म्हणून जून ते सप्टेंबर आपल्याकडचे पाच-सहा सुती गाऊन जास्तीचे देऊन ठेवा, नाव शिवून.

आश्रम ही गोष्ट लपवायचा प्रयत्न करेल, हे गृहीत धरा. खरुजेला लाज चिकटलेली आहे. तुम्ही "तुमच्याकडे खरूज आहे" अशी सुरुवात केलीत तर सगळे गप्प होतील. "अजून कोणाला खाज आहे का, डॉक्टर एकदाच सगळ्यांना बघून जातील, मी येणाऱ्याची व्यवस्था करते" असं म्हणा.

फिनाईलबद्दल थोडक्यात. वास म्हणजे स्वच्छता नव्हे. आधी साबणानं मळ काढायचा, मगच जंतुनाशक काम करतं. फरशीपेक्षा पलंगाचे कठडे, बेलचं बटण, कमोडच्या खुर्चीचे हात, दाराच्या कड्या रोज पुसल्या जातात का ते बघा. त्यासाठी ०.१ टक्क्याचं हायपोक्लोराइट, म्हणजे पाणी घालून पातळ केलेलं ब्लीच, पुरतं, रक्त सांडलं असेल तर १ टक्क्याचं. ५ टक्क्यांचं ब्लीच असेल तर पहिल्यासाठी एक भाग ब्लीच आणि ४९ भाग पाणी, दुसऱ्यासाठी एकास चार. द्रावण रोज ताजं करायचं आणि ॲसिडच्या टॉयलेट क्लीनरमध्ये कधीच मिसळायचं नाही, विषारी वायू निघतो.

आश्रमाला जाल तर संध्याकाळी चारला जाऊ नका. तेव्हा सगळं आवरलेलं असतं. परवानगी घेऊन सकाळी सात-साडेसातला जा, सासूबाईंजवळ बसा आणि एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाताना मावशीचे हात काय करतात एवढंच बघा. तिला टोकू नका. तिला ग्लोव्हजचा एक बॉक्स आठवडाभर पुरवायला सांगितलेलं असू शकतं. बोलायचं ते व्यवस्थापकाशी, आणि त्यांना विचारायच्या प्रश्नांतला माझा आवडता हा: मावशीला जुलाब किंवा ताप असला तर पगारी रजा मिळते का? पगार कापत असतील तर ती आजारी असतानाही कामावर येणार, आणि ते सगळ्या खोलीला भोवणार. जुलाब-उलट्या थांबल्यावरही ४८ तास तिनं कामावर येऊ नये. दरवर्षीची फ्लूची लस सासूबाईंना आणि मावश्यांनाही मिळते का, हेही विचारा. न्यूमोनियाच्या लशीबद्दल सासूबाईंच्या डॉक्टरांशी बोला. आणि तुम्हाला सर्दी-खोकला असेल त्या रविवारी तुम्हीही जाऊ नका, फोन करा.

राहिला घरी आणण्याचा प्रश्न. घर म्हणजे आपोआप सुरक्षित असं मी म्हणणार नाही. घरी एक मावशी चोवीस तास एकाच माणसाला बघते, त्यामुळे दुसऱ्यांचे जंतू येत नाहीत, हा खरा फायदा. पण खुब्याच्या ऑपरेशननंतर उचलायला दोन माणसं लागतात, रात्री कोण उठणार, न्हाणीघरात कमोडची खुर्ची जाते का, तुमची नोकरी आहे का, हे तुम्हालाच माहीत. व्यवस्थापक तुमचं ऐकून घेत असेल, खाजेबद्दल लपवाछपवी करत नसेल, तर मी महिना-दोन महिने तिथेच ठेवून बघेन. प्रत्येक प्रश्नाला "आमच्याकडे सगळं स्वच्छ असतं, फरशी बघा" एवढंच उत्तर मिळत असेल तर हलवेन.

मात्र आणायचं ठरलं तरी या आठवड्यात आणू नका. आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, आणि खरूज निघाली तर पहिला डोस होऊन दुसऱ्या दिवशी, धुतलेल्या कपड्यांत, पांघरुणं पिशवीत बांधूनच गाडीत बसवा. नाहीतर फोंड्याच्या घरात ती सगळ्यांनाच होईल. यातलं काहीही चालू असताना थंडी वाजून ताप आला, त्या झोपाळलेल्या राहू लागल्या, लघवी खूप कमी झाली किंवा श्वास जोरात चालला, तर त्वचेची अपॉइंटमेंट बाजूला ठेवून त्याच दिवशी इस्पितळात न्या. गाडीची सोय नसेल तर १०८ ला फोन करा, आणि आधी दिलेल्या अँटिबायोटिकची नावं लिहिलेला कागद बरोबर घ्या. तिथले डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.